ऑक्सफर्ड-केंब्रिजचे बोलावणे

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोन नावे आपल्या घरांतून अपरिचित नाहीत. मुलांच्या दप्तरातील नकाशाच्या पुस्तकावर एक नाव असते, इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकावर दुसरे. परंतु ही मूळची विद्यापीठे आहेत, तेथे विद्यार्थ्यांची निवड कोणत्या रीतीने होते आणि आपल्या समाजातील माणसे तेथवर कशी पोहोचली, हे फारसे कोणी सांगत नाही. वर्गात इतिहास शिकविताना सर सय्यद अहमद खानांचे नाव आले की एखादा मुलगा हटकून विचारतो, "सर, तिथं आपल्याला घेतात का?" हा प्रश्न भाबडा नाही. एके काळी त्याचे उत्तर स्पष्टपणे "नाही" असे होते.

प्रथम या विद्यापीठांची रचना समजून घेतली पाहिजे, कारण ती आपल्या मुंबई किंवा पुणे विद्यापीठासारखी नाही. आपल्याकडे महाविद्यालय विद्यापीठाला संलग्न असते, बारावीचे गुण पाहून यादी लागते आणि फी भरली की प्रवेश झाला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे प्रत्येकी तीसहून अधिक कॉलेजे आहेत. प्रत्येक कॉलेज ही स्वतंत्र संस्था असते. तिची स्वतःची मिळकत, स्वतःची घटना, स्वतःचे ग्रंथालय, भोजनगृह आणि बहुतेक ठिकाणी प्रार्थनामंदिरही असते. अभ्यासक्रम, व्याख्याने, परीक्षा आणि पदवी ही कामे विद्यापीठाची. पदवीच्या वर्गासाठी विद्यार्थी निवडणे, त्याला राहावयास खोली देणे आणि दर आठवड्यास एकदोघांना समोर बसवून त्यांचा निबंध तपासणे, ही कामे कॉलेजची. या शेवटच्या पद्धतीस ऑक्सफर्डात ट्यूटोरियल व केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन म्हणतात, आणि या दोन्ही ठिकाणच्या शिक्षणाचा तोच प्राण आहे. म्हणून पदवीच्या विद्यार्थ्याला प्रवेशाचे बोलावणे, म्हणजे ज्याला हल्ली सर्वत्र 'ऑफर' म्हणतात ते, मुळात एखाद्या कॉलेजचे असते. आपल्याला जो शिकविणार तोच आपली निवड करतो.

येथे एक गोष्ट ओघात नमूद करावीशी वाटते. धर्मादाय मिळकतीच्या उत्पन्नावर गुरू आणि शिष्य यांनी एकत्र राहावे ही कल्पना इस्लामी जगातील मदरशांतून, वक्फच्या पद्धतीने, आधीच रुळलेली होती. जॉर्ज मकदिसी या अभ्यासकाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात युरोपातील कॉलेज आणि मदरसा यांतील साम्यावर बराच भर दिला. सर्व इतिहासकारांना त्यांचे म्हणणे मान्य नाही आणि मलाही ते पुरते सिद्ध झालेले वाटत नाही. तथापि वक्फ म्हणजे काय हे ज्या घरांत ठाऊक आहे, तेथे ऑक्सफर्डच्या कॉलेजची कल्पना समजावणे सोपे जाते, एवढे खरे.

आता दरवाजाविषयी. ऑक्सफर्डमध्ये १५८१ पासून असा नियम होता की नाव नोंदवितानाच इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस धर्मकलमे मान्य असल्याची सही विद्यार्थ्याने केली पाहिजे. केंब्रिजमध्ये शिकता येई, पण पदवी घेतेवेळी तीच अट आडवी येई. म्हणजे कॅथलिक, यहुदी, मुसलमान, इतकेच काय, इंग्लंडमधीलच पण वेगळ्या पंथाचे प्रॉटेस्टंट, या साऱ्यांना पदवी बंद. गंमत अशी की केंब्रिजमध्ये अरबी भाषेचे अध्यासन १६३२ मध्ये आणि ऑक्सफर्डमध्ये १६३६ मध्ये सुरू झाले होते. अरबी ग्रंथांना आत जागा होती. ते ग्रंथ ज्यांचे, त्यांना दोनशेहून अधिक वर्षे पदवी नव्हती.

या नियमाची झळ कोणाला कशी बसली याची दोन उदाहरणे सांगतो. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर हा पुढे जगप्रसिद्ध झालेला गणिती १८३७ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आला. तो यहुदी होता. सही करण्यास त्याने नकार दिला आणि पदवी मिळाली नाही. ती त्याला १८७२ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी मिळाली. दुसरे उदाहरण नुमा हार्टॉग या तरुणाचे. ट्रिनिटी कॉलेजचा हा यहुदी विद्यार्थी १८६९ मध्ये त्याच परीक्षेत पहिला, म्हणजे सीनियर रँग्लर आला. तोवर १८५४ च्या कायद्याने ऑक्सफर्डमध्ये आणि १८५६ च्या कायद्याने केंब्रिजमध्ये पहिली पदवी खुली झाली होती. परंतु कॉलेजचा फेलो होण्यास धर्माची अट कायम होती. पहिला आलेला विद्यार्थी फेलो होऊ शकत नाही, हे पाहून इंग्लंडमधील लोकमतही हलले. हार्टॉगने हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीपुढे साक्ष दिली. जून १८७१ मध्ये ग्लॅडस्टन यांच्या सरकारने कायदा करून ही अट बहुतेक सर्व पदव्यांवरून आणि पदांवरून काढून टाकली, आणि त्याच महिन्यात नुमा हार्टॉग वारला. वय अवघे पंचवीस. आमच्यासारख्या बी.एड. झालेल्या शिक्षकांनी ज्या हार्टॉग समितीवर (१९२९) टिपा लिहिल्या, तिचे अध्यक्ष सर फिलिप हार्टॉग हे याच नुमाचे धाकटे भाऊ. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच. परीक्षेच्या टिपेत हे कोठेच नसते.

हार्टॉग पहिला आला त्याच वर्षी, एप्रिल १८६९ मध्ये, सर सय्यद अहमद खान आपल्या दोन मुलांसह मुंबई बंदरातून 'बडोदा' नावाच्या आगबोटीने विलायतेस निघाले. ते त्या वेळी बनारसला न्यायखात्यात नोकरीस होते आणि वयाने पन्नाशी ओलांडलेले होते. धाकटे चिरंजीव सय्यद महमूद यांना इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. शिष्यवृत्ती एकाची आणि खर्च साऱ्यांचा; घर गहाण पडले आणि कर्जही काढावे लागले. सुएझचा कालवा अजून खुला झाला नव्हता, तो त्या वर्षीच्या नोव्हेंबरात झाला. समुद्र ओलांडून परक्या मुलखात जाणे, तेथले अन्न खाणे, इंग्रजांच्या पंक्तीस बसणे, या प्रत्येक गोष्टीवर घरी टीका होणार हे त्यांना माहीत होते, आणि ती झालीही.

सय्यद महमूद यांनी लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले आणि १८७० मध्ये केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात प्रवेश मिळविला. कवी मिल्टन आणि डार्विन याच कॉलेजचे. वर सांगितलेला १८७१ चा कायदा व्हायचा होता. एक वीस वर्षांचा मुसलमान तरुण त्या कॉलेजात राहिला, त्याने लॅटिन, ग्रीक आणि पौर्वात्य भाषांचा दोन वर्षे अभ्यास केला. पदवी मात्र घेतली नाही. १८७२ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले.

पदवीविना परत आलेल्या मुलाला आज आपण काय म्हणू? "पैसे फुकट गेले" असे म्हणणारे शेजारी तेव्हाही असतील. परंतु महमूद यांनी सोबत काय आणले ते पाहावे. फेब्रुवारी १८७३ मध्ये त्यांनी आपल्या वडिलांच्या समितीपुढे एक योजना मांडली. विद्यार्थी आवारात राहतील, शिक्षक त्यांच्याजवळ राहतील, भोजन एकत्र होईल, वादविवाद मंडळ असेल आणि संस्था सरकारच्या हाताखाली नसेल. ही केंब्रिजच्या कॉलेजची घडण होती. १८७५ साली अलीगढला शाळा सुरू झाली आणि ८ जानेवारी १८७७ रोजी मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली. पुढे थिओडोर बेक, टी. डब्ल्यू. आर्नल्ड, थिओडोर मॉरिसन हे केंब्रिजचे तरुण तेथे शिकवावयास आले. महमूद यांना हवे असलेले स्वतंत्र विद्यापीठ व्हायला मात्र १९२० साल उजाडले. ते स्वतः अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, आणि १९०३ मध्ये, विद्यापीठ पाहण्यापूर्वीच, निवर्तले.

त्यांचे चिरंजीव रॉस मसूद यांच्या वेळी धर्माची अट इतिहासजमा झाली होती, पण दुसरी एक अट शिल्लक होती. ती भाषेची. लॅटिन आल्याशिवाय या दोन विद्यापीठांत पाऊल ठेवता येत नसे आणि ग्रीकही लागे. ग्रीकची सक्ती केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये सोडली; लॅटिनची सक्ती दोन्हीकडे १९६० च्या सुमारास सुटली. फारसी-अरबीत वाढलेल्या मुलाला लॅटिन कोठून येणार? मसूद यांचे पालकत्व मॉरिसन यांच्याकडे होते. १९०६ मध्ये लंडनजवळच्या वेब्रिज या गावी त्यांनी मसूदसाठी लॅटिनची शिकवणी ठेवली. शिकविणारा होता तेव्हा फारसा प्रसिद्ध नसलेला एक लेखक, ई. एम. फॉर्स्टर. लॅटिन किती पक्के झाले हा भाग वेगळा, पण मसूद ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेले आणि गुरुशिष्यांची मैत्री जन्मभर टिकली. फॉर्स्टरने आपली 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) ही कादंबरी मसूद यांनाच अर्पण केली आहे. मसूद पुढे हैदराबाद संस्थानाचे शिक्षणसंचालक झाले आणि उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा हात होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. म्हणजे तेथील आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळांचा कारभार काही वर्षे या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याच्या हाती होता. नंतर ते अलीगढचे कुलगुरू झाले. आजोबांनी कोणत्याही विद्यापीठात शिकून पदवी घेतलेली नव्हती. दोन पिढ्यांनी नातू कुलगुरूच्या खुर्चीवर बसला.

न्यायमूर्तीच्या घरी हे जमले, आमचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून मौलाना मोहम्मद अली यांच्या घरची हकीकत सांगितली पाहिजे. रामपूरच्या या घरात वडील लवकर वारले. मोहम्मद अली तेव्हा दोन वर्षांचे होते. आई आबादी बानो बेगम, ज्यांना सारा देश पुढे 'बी अम्मा' म्हणून ओळखू लागला, ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांचे स्वतःचे शिक्षण घरातले, तेवढेच. मुलांना इंग्रजी शाळेत घालावयाचे त्यांनी ठरविले तेव्हा मिळकतीचा कारभार पाहणारे दीर पैसे देईनात. इंग्रजी शिकून मुले धर्म सोडतील ही भीती. बी अम्मांनी आपले दागिने गहाण टाकले आणि मुलगा बरेलीच्या शाळेत गेला. तेथून तो अलीगढला गेला आणि १८९८ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाच्या बी.ए. परीक्षेत पहिला आला. ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचा प्रश्न आला तेव्हा थोरले बंधू शौकत अली सरकारी नोकरीत होते. त्यांनी आपल्या पगारातून खर्च उचलला.

मोहम्मद अली आय.सी.एस.च्या परीक्षेत नापास झाले. घरच्यांची सारी आशा त्या परीक्षेवर होती हे लक्षात घेतले म्हणजे तो धक्का केवढा असेल याची कल्पना येते. तरी इतिहास विषयात ऑनर्ससह पदवी घेऊनच १९०२ मध्ये ते परतले. १९११ साली कलकत्त्यात त्यांनी 'कॉम्रेड' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातील इंग्रजी वाचण्यासाठी इंग्रज अधिकारीही वर्गणी भरत. १९२० मध्ये जामिया मिलियाच्या स्थापनेत ते पुढे होते. मला विचाराल तर आय.सी.एस. हुकली हे देशाच्या दृष्टीने बरेच झाले.

याच लिंकन कॉलेजात पहिल्या महायुद्धानंतर मुंबईचा एक तरुण इतिहास शिकावयास गेला. त्याचे नाव महंमद करीम छागला. १९४७ पासून १९५८ पर्यंत ते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते आणि १९६३ मध्ये केंद्राचे शिक्षणमंत्री झाले. मुस्लिम कायद्यावर ज्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानतात ते असफ अली असगर फैजी, जन्म माथेरानचा, शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, आणि मग केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज. फैजींच्या आधी त्याच सेंट जॉन्समध्ये दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे गेले होते. फर्ग्युसनचा हा विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर गेला आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाला, भारतीयांतला पहिला. आमच्या कोकणातल्या मुलांना हे नाव मी मुद्दाम सांगतो. मुर्डी हे काही लंडनच्या वाटेवरचे गाव नव्हे.

मुलींची कथा निराळी आहे आणि ती सांगताना आपल्या थोरांचीही बाजू झाकून चालणार नाही. सर सय्यद यांनी मुलांच्या शिक्षणासाठी जेवढी धडपड केली तेवढी मुलींसाठी केली नाही. आधी मुलगे शिकू द्यात, मग मुलींचे पाहू, असे त्यांचे मत होते. अलीगढला मुलींची शाळा निघाली ती १९०६ मध्ये, शेख अब्दुल्ला व त्यांच्या पत्नी यांच्या खटपटीने. अर्थात ज्या विद्यापीठांचा नमुना अलीगढपुढे होता, ती तरी कोठे पुढे होती? नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या, परंतु विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या. हितचिंतकांनी वर्गणी जमवली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही तीत भर घातली, आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी? ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये प्रारंभ केला आणि त्यानंतरच ती त्यांच्या हाती पडली. केंब्रिजने तर १९४८ पर्यंत वाट पाहावयास लावली. मुलांच्या कॉलेजांनी मुलींना घेण्यास सुरुवात केली ती केंब्रिजमध्ये १९७२ आणि ऑक्सफर्डमध्ये १९७४ साली.

यानंतर स्वात खोऱ्यातील मलाला युसुफझाईचे उदाहरण पाहिले म्हणजे किती अंतर कापले गेले ते कळते. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेतून परतताना तिच्यावर गोळी झाडण्यात आली. इंग्लंडमध्ये उपचार आणि पुढे शालेय शिक्षण झाले. २०१४ मध्ये नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉल या कॉलेजने तिला तत्त्वज्ञान, राजकारण व अर्थशास्त्र या अभ्यासक्रमासाठी बोलावणे दिले, पण सशर्त. शालान्त परीक्षेत तीन विषयांत 'ए' श्रेणी मिळाली तरच! नोबेल आहे म्हणून अट सोडली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल लागला, अट पुरी झाली, प्रवेश पक्का झाला. २०२० साली ती पदवीधर झाली. हे कॉलेज १८७९ मध्ये मुलींसाठीच निघाले होते आणि बेनझीर भुट्टोही तेथेच शिकल्या.

सशर्त बोलावणे हा शब्द पालकांनी लक्षात ठेवावा, कारण बहुतेकांच्या वाट्यास तेच येते. ज्यास पदवीसाठी जावयाचे आहे त्याने बारावीच्या वर्षी १५ ऑक्टोबरपूर्वी यूकास या इंग्लंडच्या मध्यवर्ती प्रवेश संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोहोंना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. एकच निवडावे लागते. अर्जात कॉलेजचे नाव घालता येते किंवा ते विद्यापीठावर सोपवता येते. शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. त्यात "मुलगा आज्ञाधारक व सद्वर्तनी आहे" एवढे लिहून भागत नाही, विद्यार्थी त्या विषयात स्वतःहून काय वाचतो ते लिहावे लागते. (आम्हा शिक्षकांना ही सवय नाही हे कबूल.) बऱ्याच विषयांना लेखी चाचणी असते. मग डिसेंबरात मुलाखती. ऑक्सफर्डच्या मुलाखती २०२० पासून संगणकाच्या पडद्यावर होतात, म्हणजे आगबोटीचा किंवा विमानाचा खर्च मुलाखतीपुरता तरी नाही. मुलाखतीत पाठांतर विचारीत नाहीत. न पाहिलेला एखादा उतारा, आकृती किंवा गणित पुढे ठेवतात आणि विचार कसा चालतो ते पाहतात. एका कॉलेजला जागा नसेल पण विद्यार्थी योग्य वाटला, तर केंब्रिजमध्ये त्याचे नाव एका सामायिक यादीत घालतात आणि दुसरे कॉलेज त्याला उचलू शकते. जानेवारीत उत्तर येते.

राहिला पैसा. परदेशी विद्यार्थ्यांची फी आणि राहण्याचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे साफ सांगितले पाहिजे, आणि पदवीच्या पातळीवर शिष्यवृत्त्या थोड्या आहेत. म्हणून आपल्याकडील बरीच मुले येथे पदवी घेऊन मग पुढील शिक्षणासाठी अर्ज करतात. त्या पातळीवर निवड प्रामुख्याने विद्यापीठाचा विभाग करतो आणि कॉलेज नंतर ठरते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती १९४७ पासून भारतीयांना खुली आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ मध्ये बंद झाली. ती चालू आहे असे सांगणारे एजंट अजून भेटतात, त्यांच्यापासून सावध राहावे.

अकरावीत गेलेल्या मुलामुलींनी विषय निवडतानाच आमच्याशी बोलावे, कारण कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते विषय लागतात हे कॉलेजागणिक नव्हे तर अभ्यासक्रमागणिक ठरलेले असते, आणि गणित सोडल्यावर अर्थशास्त्राचा दरवाजा तेथे बंद होतो. शाळेच्या ग्रंथालयात शनिवारी दुपारी मी असतो.